दोन नंबरचं घुमणं

“वहिनी, ते हिरवं लुगडं काल कोरडंच वाळत घातलंत ना?”

शेवंता ठोंबरेने हे विचारलं तेव्हा नळावर आम्ही दोघीच होतो. तिची कळशी भरून वाहत होती, पण ती उचलत नव्हती.

“कोरडं कशाला घालीन?” मी म्हटलं.

“नाही, पिळलेलं दिसलं नाही म्हणून विचारलं. आणि घरात माणसं दोन. मुकुंदा तिकडे पुण्यात शिकायला. मग रोज दोरी एवढी भरते कशी? आमच्याकडे सहा माणसं आहेत. आमचे हे म्हणतात, गाडेकर वहिनींनी गावाची धुणी घेतली की काय!”

“ह्यांच्या कपड्यांना तेल लागतं.”

“तेल आमच्या ह्यांच्याही कपड्यांना लागतं हो.” तिने कळशी कमरेवर घेतली. चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, “नानांचा रेडिओ तेवढा हळू लावा. पोरांचा अभ्यास होत नाही. की तुम्हालाही कमी ऐकू येतं?”

मी हसले. पाण्याचा हात पदराला पुसत मी तशीच उभी राहिले.

आम्ही तेव्हा गावाबाहेरच्या माळावर, वीज उपकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. तारेच्या कुंपणाला लागून बैठी घरं, आणि कुंपणाच्या पलीकडे खडी पसरलेल्या आवारात दोन ट्रान्सफॉर्मर. पाटीवर ‘रोहित्र’ लिहिलेलं होतं, पण तसं म्हणणारा कॉलनीत कोणी नव्हता. एक नंबर आणि दोन नंबर, एवढीच त्यांची नावं. खोलीएवढ्या लोखंडी टाक्या, आत तेल, अंगावर बरगड्यांसारख्या नळ्या. सगळा तालुका आणि साखर कारखाना त्या दोघांवर चालायचा. दिवसरात्र दोघेही घुमत असत. नवीन आलेल्या बाईला महिनाभर झोप लागायची नाही. नंतर ते घुमणं नसलं तर झोप लागायची नाही. अजूनही मला त्याची आठवण येते. माणसांची इतकी येत नाही.

माझे यजमान, नरहर गाडेकर, तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर. सगळे त्यांना नाना म्हणत, आणि पाठीमागे ‘कानवाले नाना’. ट्रान्सफॉर्मरची तब्येत बघणं हे त्यांचं काम. तेलाची पातळी, काट्यावरचा ताप, काचेच्या भांड्यातले निळे मणी. ते मणी गुलाबी झाले की समजायचं, आत ओल शिरली. एवढं कोणीही बघू शकत होतं. नानांचं वेगळेपण त्यांच्या दांड्यात होतं. तीन हात लांबीचा सागाचा गुळगुळीत दांडा. त्याचं एक टोक टाकीला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. आतला एखादा बोल्ट सैल झाला तरी त्यांना कळायचं. एकदा खरोखरच कळलं होतं, आणि मुंबईहून आलेल्या साहेबाने त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. ती गोष्ट नाना दर दिवाळीला सांगत.

आणि त्या नानांना ऐकू येईनासं झालं होतं.

मला ते कळलं दुधामुळे. चुलीवर दूध उतू गेलं, फसफसून विस्तवात पडलं, आणि हातभर अंतरावर बसलेले नाना पेपर वाचत राहिले. मी मागून त्यांच्याकडे बघत राहिले. मग साध्या आवाजात म्हटलं, “घर पेटलंय.”

त्यांनी पान उलटलं.

मी पुढे जाऊन बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेपर खाली ठेवला.

“ओरडू नकोस,” ते म्हणाले.

“मी ओरडले नाही.”

“मग आता ओरडशील. कधी कळलं?”

“आत्ता. तुम्हाला?”

“झाले दिवस. समोर बघून बोललं की ओठांवरून कळतं. कंट्रोल रूमचा फोन दिगू ठोंबरेच्या गळ्यात मारलाय. म्हटलं, तू लिहीत जा, तुझं अक्षर बरंय.”

“आणि दांडा?”

“हाडाला लावला की येतं थोडं. जाडं येतं, बारीक येत नाही. आणि बिघाडाचा आवाज नेहमी बारीकच असतो.” मग ते हसले. “कानवाला नाना बहिरा झाला म्हणून लोक हसतील, ते मला ऐकू येणार नाही. तेवढी सोय झाली.”

मला हसू आलं नाही. डॉक्टरकडे नेलं असतं तर आवारातलं काम गेलं असतं, फाटकावर स्टूल टाकून बसवलं असतं. पगार उतरला असता, ऑपरेटरचं घर सोडावं लागलं असतं. मुकुंदाच्या शिक्षणाची शेवटची वर्षं राहिली होती. हे सगळं खरं होतं, पण नानांच्या तोंडावर जी भीती होती ती पगाराची नव्हती. दांडा दुसऱ्याच्या हातात जाण्याची होती.

“मला येतं ना ऐकू,” मी म्हटलं.

“तुला काय कळणार त्यातलं?”

“इतकी वर्षं मोरीच्या दगडावर बसून काय ऐकतेय मी? कारखाना सुरू झाला की एक नंबर खर्जात जातो. दोन नंबर दुपारी जरा किरकिरतो. पंख्याचं वंगण सुकलं की भांड्यात खडा फिरवल्यासारखं होतं.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, “खडा फिरवल्यासारखं. बरोबर.”

तेव्हापासून दोरी सुरू झाली. आमची दोरी मागच्या अंगणात, आवारातून सरळ दिसायची. नानांची फेरी व्हायच्या आधी मी दगडावर बसून कान द्यायची आणि कपडे घालायची. पांढरा पंचा कडेला असला तर दोघेही ठीक. हिरवं लुगडं मधोमध असलं तर दोन नंबरचं काहीतरी बिनसलंय. लाल काठाचं असलं तर एक नंबरचं. नाना फेरीवर आले की दोरीकडे बघायचे, मग दांडा लावायचे, डोळे मिटायचे, आणि जे मी सांगितलेलं असे तेच सांगायचे. एकदा हिरवं लुगडं बघून त्यांनी दोन नंबरचा पंखा उघडायला लावला आणि आतली बेअरिंग खरोखरच झिजलेली निघाली. त्या दिवशी ते घरी जिलबी घेऊन आले. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “ही तुझी थाप.”

आवाज वाढला तर काय, बिघडला तर काय, सगळं आम्ही ठरवलं होतं. बंद पडला तर दोरीवर काय घालायचं, हे ठरवलं नव्हतं. बंद पडला तर अर्धा तालुका अंधारात जाणार, सगळ्यांनाच कळणार. त्याला लुगडं कशाला?

दिगंबर ठोंबरे नानांचा हाताखालचा ऑपरेटर. नानांनीच त्याला काम शिकवलेलं. त्याने त्या पावसाळ्यात मिशी वाढवायला घेतली. पहिल्यांदा नाना हसत सांगायचे, “दिग्याला मिशी कुठे ठेवावी कळत नाही. वरचा ओठ गेला, आता खालचाही चाललाय.”

“त्याला सांगा, शोभत नाही.”

“सांगितलं. काहीतरी म्हणाला.”

“काय म्हणाला?”

नाना म्हणाले, “तेच तर.”

तेव्हा मला त्या मिशीचं कारण कळलं.

नंतर ठोंबरेची भीड चेपली. आवारातलं बोलणं माझ्या दगडावर स्वच्छ ऐकू यायचं. नाना पाठमोरे तेलाची पातळी बघत असले की तो मागून हाक मारायचा, “नाना, बायको पळाली तुमची!” बाकीचे तोंडावर हात ठेवायचे. कधी समोर उभा राहून नुसते ओठ हलवायचा, आवाज न काढता. नाना “हो हो, बघतो” म्हणायचे आणि निघायचे. मग जे हसू व्हायचं ते मी कपडे आपटून बुडवायची. घरी आल्यावर नाना विचारायचे, “आज काय म्हणत होती पोरं?” मी सांगायची, “कामाचंच बोलत होती.”

पावसाळा संपता संपता नवे साहेब आले. उपाध्ये. सडपातळ, स्वच्छ कपड्यांचे, आणि इतकं हळू बोलणारे की चांगल्या कानाच्या माणसालाही पुढे वाकावं लागे. कोणावर ओरडत नसत. शिपायालाही अहो-जाहो करत. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, देवमाणूस आलाय.

शेवंताने मला नळावर गाठलं ते त्यानंतर. मी घरी येऊन नानांना सांगितलं, “दोरी थोडे दिवस बंद ठेवू.”

“खंडेनवमी होऊ दे,” ते म्हणाले. “पूजेच्या दिवशी एवढ्या माणसांत मला दोरी दिसायची नाहीच. मग ठरवू.”

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांबरोबर ट्रान्सफॉर्मरची पूजा व्हायची. त्या एका दिवशी बायकापोरांना कुंपणाच्या आत घेत. पांढरी दोरी बांधलेली असे, तिच्या अलीकडे आम्ही. पूजा नानांच्या हातची. ते आधी दांडा लावून ऐकत, सगळे चिडीचूप होत, मग नाना वळून मोठ्याने म्हणत, “बरा आहे!” आणि मग नारळ फुटे. तसं ते म्हटल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, असा रिवाजच पडला होता. पोरं त्या शब्दाची वाट बघत, कारण त्यानंतर खोबरं मिळे.

त्या सकाळी नानांनी धोतर नेसलं, कोट घातला, दांड्याला तेल लावलं. ऊन कोवळं होतं. कारखान्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे दोघांवरही भार कमी होता. मी आरतीचं ताट घेऊन दोरीशी उभी राहिले. माझ्या शेजारी शेवंता. तिने नवी साडी नेसली होती.

“पुढे या वहिनी,” ती म्हणाली. “तुम्हाला नीट दिसायला हवं.”

उपाध्ये साहेब हात जोडून उभे होते. ठोंबरे दिसत नव्हता.

नाना एक नंबरपाशी गेले. हळदकुंकू लावलं, हार घातला. दांडा टेकवला, कानामागे धरला, डोळे मिटले.

तेवढ्यात आवाराच्या पलीकडच्या टोकाला धाड्‌कन आवाज झाला. वीज तोडणारा ब्रेकर उघडल्याचा. तो आवाज बंदुकीसारखा असतो, ओळखीचा असला तरी दचकवतो. पोरं दचकली, माझ्या ताटातलं निरांजन कलंडलं. एका बाळाने भोकाड पसरलं. नाना डोळे मिटून उभेच होते.

कोणीतरी हसलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

मग मला ऐकू आलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं. इतकी वर्षं दोघांचं मिळून जे घुमणं कानात बसलं होतं त्याचा एक पदर निघून गेला. किरकिरणारा. दोन नंबर बंद झाला होता. गावात कुठेही अंधार झाला नव्हता, कारण सगळा भार एक नंबरवर टाकला होता. ठरवून, व्यवस्थित.

कंट्रोल रूमच्या दारातून ठोंबरे बाहेर आला. मिशीवरून हात फिरवत साहेबांच्या शेजारी येऊन उभा राहिला. साहेबांनी मान हलवली.

“बरा आहे!” नाना म्हणाले. एक नंबरचा नारळ फुटला. पण पोरं खोबऱ्यासाठी धावली नाहीत. त्यांच्या आयांनी त्यांना दंडाला धरून ठेवलं होतं. सगळ्यांचे डोळे दोन नंबरकडे. मी एकेकीचं तोंड बघितलं. वायरमनची बायको, स्टोअरवाल्यांची म्हातारी, सगळ्या. सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून सगळ्या कॉलनीला आमंत्रण गेलं होतं.

“काय चाललंय हे?” मी शेवंताला विचारलं.

“गंमत हो,” ती म्हणाली. “साहेब म्हणाले, कोणाला काही बोलू नका. नानांनी बरोबर सांगितलं तर आमचे हे सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरणार आहेत. नाही सांगितलं तर मग बघू.”

नाना दोन नंबरपाशी पोचले होते. हार घातला. कुंकू लावलं. मग दांडा टेकवला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. त्यांनी दांडा जरा सरकवला. मग डावा तळहात टाकीवर ठेवला आणि तसेच उभे राहिले.

मला पुढचं दिसत होतं. आता ते वळतील. कोट झटकतील. हसून म्हणतील, “बरा आहे!” आणि त्या शब्दावर एवढी माणसं फुटतील.

मागे अंगणातल्या दोरीवर काही नव्हतं. असतं तरी या गोष्टीसाठी आमच्याकडे लुगडं नव्हतं.

“अहो!” मी ओरडले. “बंद आहे! दोन नंबर बंद आहे!”

माझा आवाज इतका मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. सगळे वळले. साहेब वळले, वायरमन वळले, फाटकावरचा पहारेकरी स्टुलावरून उठला. खांबावरचे कावळे उडाले. मी ताट खाली टाकून हात उंच केला आणि पुन्हा ओरडले, “अहो, बंद आहे!”

सगळ्या आवारात एकच माणूस वळला नाही.

हसायला ठोंबरेने सुरुवात केली. मग बाकीचे. पोरंही हसली, त्यांना वाटलं आता हसायचं असतं. साहेब हसले नाहीत. ते खडीवरून सावकाश चालत गेले आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर बोट टेकवलं.

नाना वळले. त्यांनी साहेबांना बघितलं, हसणारी माणसं बघितली, आणि मग मला बघितलं. हात वर, तोंड उघडं.

“हा बंद आहे,” नाना म्हणाले.

“आता हो!” ठोंबरे ओरडला. “वहिनींनी हात केल्यावर! ऐकू आलं नाही, पण दिसलं बरं का!”

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मग ते माझ्याकडे बघून, त्या हळू आवाजात म्हणाले, “बाईंनी मध्ये बोलायला नको होतं. चाचणी अर्धवट राहिली. ह्यांनी ओळखलं असतं की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “पण एक निकाल लागला. बाई एवढ्या ओरडल्या, कावळे उडाले. नाना, तुम्ही तेवढे वळला नाहीत.”

नाना त्यांच्या ओठांकडे बघत होते. साहेबांचे ओठ फारसे हलतच नसत.

“काय म्हणालात, साहेब?” नानांनी विचारलं.

त्यावर जे हसू झालं, तसं हसू मी नंतर कुठे ऐकलं नाही.

दोन नंबरचा नारळ ठोंबरेने फोडला. “बरा आहे!” असं नानांच्या आवाजात ओरडून.

पुढचं सगळं कायद्याने झालं. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं. आवारातलं काम गेलं, फाटकावर स्टूल मिळालं. दिवाळीच्या आत आम्ही ऑपरेटरचं घर सोडलं आणि फाटकाजवळच्या एका खोलीत आलो. आमच्या घरात ठोंबरे आले. दांडा सरकारी नव्हता, नानांनी स्वतः तासून घेतला होता, पण साहेब म्हणाले, तो कामाचा आहे, कामावर राहू दे. ठोंबरेने तो कधी टाकीला लावला नाही. शेवंताने दोरीला टेकू दिला त्याचा. मी पाण्याला जायची तेव्हा तो दिसायचा, चादरींच्या ओझ्याने वाकलेल्या दोरीखाली उभा.

मला वाटलं होतं, नाना चिडतील, बोलतील, लोकांना शिव्या देतील. तसं काही झालं नाही. त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी विषय काढला की ओठांवरची नजर काढून घ्यायचे. नजर काढली की माझं बोलणं संपलंच. लोकांशी मात्र खुणा करून, हसून बोलायचे. मी समजले, माणूस खचलाय. मी त्यांच्या जेवणात तूप वाढवलं.

बरीच वर्षं गेली. मुकुंदाला नाशकात नोकरी लागली, त्याने आम्हाला तिकडे नेलं. त्याच्या घराच्या गॅलरीत एक लांब सागवानी बाक होता, पाठीला एकच सलग फळी. नानांना तो पहिल्या दिवशीच आवडला. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “माल चांगला आहे.”

मुकुंदानेच त्यांना कानाचं यंत्र आणलं. लावलं तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. पोपटाचा आवाज ऐकून हसले, नातीला गाणं म्हणायला लावलं. संध्याकाळी आम्ही दोघे बाकावर बसलो होतो. इतक्या वर्षांनी त्यांच्या कानात पहिल्यांदा माझा आवाज जाणार होता.

“येतं का ऐकू?” मी हळूच विचारलं.

“येतं. तुझा आवाज घोगरा झाला.”

“म्हातारी झाले.” मग मी धीर केला. “एक विचारू? त्या दिवशी तुम्ही दोन नंबरपाशी इतका वेळ काय करत होता?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत सांगायला लागले. सावकाश, जणू फेरीचा अहवाल देत होते.

“एक नंबरला दांडा लावला होता. मध्येच त्याचा जोर वाढला. हाडाला कळलं. म्हटलं, ह्याने दुसऱ्याचं ओझं घेतलं. म्हणजे दोन नंबर काढला. कारणाशिवाय पूजेच्या दिवशी कोण काढेल? मग दिग्या दारात दिसला. सगळं समजलं.”

“समजलं होतं?”

“तरी खात्री करावी म्हणून हात लावला. गरम होता. पण थरथर नव्हती. अंगात ताप आणि नाडी नाही, असं.”

“मग वळला का नाहीत? बोलला का नाहीत?”

“वाक्य जुळवत होतो.” ते जरा हसले. “एवढी माणसं जमली होती. नुसतं ‘बंद आहे’ म्हणून काय मजा? म्हटलं, थोडं ताटकळू दे. म्हातारा फसला असं वाटू दे. मग वळायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, ह्याला नारळ नको. ह्याला घाटावर न्या, आणि दिग्याला खांदा द्यायला सांगा.’ ” त्यांनी मान हलवली. “चांगलं वाक्य होतं. दिग्याला पाय धरावे लागले असते. साहेबाला तोंड राहिलं नसतं. आणखी काही वर्षं निघाली असती.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो आवाजही त्यांना येत होता.

“वळलो तर तू,” ते म्हणाले. “हात वर करून.”

“मला काय माहीत! मला वाटलं तुम्ही...”

“हो. तुलाही तेच वाटलं.”

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, “हं. बोल आता.” आणि डोळे मिटून घेतले.

तो रोजचा नेम झाला. नातीशी, सुनेशी, शेजाऱ्यांशी बोलताना यंत्र कानात. संध्याकाळी मी बाकावर बसले की यंत्र डबीत, डोळे बंद, एक हात बाकाच्या पाठीवर पसरलेला. “हं. बोल आता.”

पहिले काही दिवस मी उठून गेले. मग मला राग आला. मी बोलायला लागले. मनात होतं ते सगळं. तुमच्यासाठी कोरडी लुगडी भिजवली, पावसात दोरी भरली, शेवंताचे टोमणे खाल्ले. बायको पळाली म्हणून पोरं हसायची ते तुम्हाला कधी कळू दिलं नाही. घ्या, आता सांगते. तुमच्या वाक्याला काय चाटायचंय? तुमच्या मिजाशीने घर घालवलं, माझ्या ओरडण्याने नाही. हे सगळं मी शांत चेहऱ्याने, गजरा ओवावा तसं बोलायची. सून आतून बघून म्हणायची, सासू-सासऱ्यांचं किती जमतं. नाना डोळे मिटून बसलेले. एक सुरकुतीसुद्धा हलायची नाही. ऐकू येत नाही याची मला पुरती खात्री होती, म्हणूनच मी इतकं बोलले.

असं कितीतरी महिने चाललं. एका संध्याकाळी बोलता बोलता मला ठसका लागला आणि मी मध्येच थांबले.

नानांनी डोळे उघडले नाहीत. कपाळावर आठी आली फक्त.

“बंद का पडलीस?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. माझी पाठ ज्या फळीला टेकली होती त्याच फळीवर त्यांचा डावा तळहात होता. नुसता ठेवलेला नव्हता. बोटं फाकलेली, सागाला दाबून धरलेली.

म्हणजे इतके महिने त्यांचं माझ्याकडे लक्ष होतं. शब्द एकही नाही. फक्त चालू आहे की नाही, एवढंच.

उत्तर द्यायला मला एक हुंकार पुरला असता. मी फळीला पाठ तशीच टेकून ठेवली आणि श्वास धरला. त्यांचा तळहात जागचा उचलला गेला, बोटभर सरकला, पुन्हा दाबला गेला. पुन्हा सरकला. ते शोधत होते. मी त्यांना शोधू दिलं. मग पदर सावरला आणि भाजी चिरायला आत गेले.

त्या बाकावर मी पुन्हा बोलले नाही. नाना होते तोवर रोज संध्याकाळी जाऊन बसायची, पाठ टेकायची आणि गप्प राहायची. ते यंत्र काढून डबीत ठेवायचे, तळहात फळीवर पसरायचे, आणि डोळे मिटून वाट बघायचे.